शिमग्यापर्यंत

हरणाबाईनं डॉक्टरांसमोरच नवऱ्याचं तोंड हुंगलं. जतहून सांगलीला येईस्तोवर तिनं त्याला क्षणभरही नजरेआड होऊ दिलं नव्हतं. वास नव्हता. तरी आकाराम खुर्चीतून उठताना भेलकांडलाच, आणि ती उसळली.

"बगा! मिल्ट्रीच्या कोट्याची रम प्येतोय ह्यो माणूस. बिरोबाचा भंडारा उचलून शपत घेतली, तरीबी! दिवाळीपास्नं बोलनं टाकलंय म्या."

डॉक्टरांनी आकारामला पाय जुळवून डोळे मिटायला लावलं. गडी कलंडला. डॉक्टरांनीच त्याला सावरलं.

"बाई, ही दारू नव्हे. तोल सांभाळायची जागा कानाच्या आत असते. एकाहत्तरच्या लढाईत यांच्याजवळ गोळा फुटला, त्यात ऐकणं गेलं आणि तोलही. डाव्या कानात थोडं उरलंय."

देवाची शपथ मोडली म्हणून आठ महिने हरणाबाईनं या माणसाला उंबऱ्याबाहेर जेवायला वाढलं होतं, तेही ताट आपटून. भावकीनं छी थू केली. आणि यानं घोटभरसुद्धा घेतली नव्हती!

बाहेर हळदीच्या पेठेत गाड्यांची नुसती झुंबड. आकाराम भिंत धरून चालू लागला. ती कधी त्याच्या मागं, कधी पुढं. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी त्याच्या डाव्या कानाशी जाऊन ती ओरडली,

"सांगायचं न्हाई व्हय, प्यालो न्हाई म्हनून?"

"सांगितलं की. धा येळा."

ते खरंच होतं. हरणाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दिवाळीआदी तू शिव्या देत मागनं यायचीस," आकाराम म्हणाला. "त्या आइकू यायच्या. आवाजाच्या अंदाजानं पाय नीट पडायचा. तू गप झालीस, आन् मी बांधावरनं पडाय लागलो."

तिच्या डोळ्यांना धार लागली.

त्यानं भिंतीवरचा हात काढला. "स्टँड लांब हाय. शिव्या दे, पर बोलत चल."

हरणाबाईनं पदरानं नाक पुसलं आणि भर पेठेत मोठ्यानं सुरुवात केली.

"दिवाळीच्या पाडव्याला तुमास्नी भाईर वाढलं, त्ये चुकलं माजं. संक्रातीला तिळगूळ दिला न्हाई, त्येबी चुकलं..."

लोक वळून वळून बघत होते. आकाराम जपून पाऊल टाकत होता.

स्टँड आला, तेव्हा ती जेमतेम शिमग्यापर्यंत पोचली होती.