पश्चिमेचा खांब पहिला

नीलानं पाण्याच्या टाकीखाली गाडी लावली, लॅपटॉप काढून बॉनेटवर उघडला आणि पलीकडचं दार वाजवलं.

"काका, उतरा. एक वाजायला आला."

रवींद्रकाका उतरले ते कुरकुरतच. "भोंगाच ऐकायचा होता तर घरी ईडन प्रेरीत नव्हता का? आज चाचणीचा बुधवार. अख्ख्या मिनेसोटात वाजतो. रिटायर्ड माणसाला मक्याच्या रानात कशाला ड्राइव्ह करून आणलंस?"

"तो तुमचा नाही. हा तुमचा आहे."

टॉर्नेडो आला की गावाला उठवणारे हे भोंगे काकांच्या प्रोग्रामवर चालत. प्रत्येक गावाचा प्रोग्राम वेगळ्या रेपोत, म्हणजे कोडच्या वेगळ्या कोठारात. म्हणायला वेगळ्या. काका आधीच्या गावाचा रेपो उचलत, नाव बदलत आणि पुढच्या गावाच्या गळ्यात बांधत. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल. कंपनीत याला अनुभव म्हणत. एका गावात चूक सापडून निघाली तरी बाकीच्या गावांत ती तशीच झोपून राही, आणि झोपलेली चूक उठते ती वादळाच्याच दिवशी.

ही घाण नीला वर्षभर उपसत होती. जे सगळ्यांचं सारखं, ते खाली एका सामाईक प्रोग्राममध्ये, पाया म्हणून. गावापुरतं जे वेगळं, तेवढंच वर, ज्याच्या त्याच्या रेपोत. सगळी गावं पायावर आली. उरलं हे लिंडस्टेड. बाकी गावांत सगळे भोंगे एकदम वाजतात. इथं एकामागून एक. गाव हटून बसलं होतं, आमचा भोंगा चालत येतो, तो चाललाच पाहिजे. मॅनेजर शंतनू म्हणाला होता, "एका गावासाठी पाया वाकडा करायचा नाही यार. काढून टाक." आज ऐकायचं आणि संध्याकाळी काढायचं, एवढंच ठरलं होतं.

गावातर्फे डॉरिस आली. सत्तरीची, पायात चिखलाचे बूट. मान हलवून ती शेजारी उभी राहिली.

आधी पश्चिमेला, शेतांच्या पार टोकाला, जमिनीच्या पोटातून यावी तशी घरघर सुरू झाली. ती चढत चढत आभाळाला भिडली. भिडते न भिडते तोच अलीकडच्या खांबावरचा भोंगा उठला. मग धान्याच्या कोठाराजवळचा. मग चर्चमागचा. आवाज खरंच चालत येत होता. डोळ्यांना न दिसणारं, प्रचंड काहीतरी एकेक पाऊल टाकत गावात शिरत होतं. डोक्यावरचा भोंगा सुटला तेव्हा बॉनेटचा पत्रा नीलाच्या तळव्याखाली थरथरला. प्रोग्राममधल्या या ओळी तिनं शंभरदा वाचल्या होत्या. एका खांबाला हाक मार, थांब, पुढच्याला मार. चार ओळी! त्यांना ती कचरा म्हणाली होती.

शेवटचा भोंगा विझला.

"वादळ कुठून येतंय ते भोंगा सांगतो," डॉरिस इंग्रजीत म्हणाली. "आधी वाजेल त्याच्याकडे पाठ करायची आणि गाडी काढायची. माझा नवरा असाच वाचला."

नीला काकांकडे वळली. "काका, कसं सुचलं हो तुम्हाला हे?"

"काय?"

"वादळाच्या बाजूचा भोंगा आधी वाजवायचं."

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "सुचतंय कसलं! अगं, या गावानं रेडिओ स्वस्तातला घेतला होता. एका वेळी एकाच खांबाशी बोलायचा. म्हणून एकेक वाजवला. नंबर पश्चिमेकडून पडले होते, झालं."

"म्हणजे वादळ पूर्वेकडून आलं तरी…"

"तरी पश्चिमेचाच आधी. रेडिओ कधीच बदलला. त्या ओळी तेवढ्या राहिल्या."

"काय म्हणतायत ते?" डॉरिसनं विचारलं.

काकांनी नीलाकडे पाहून हलकेच नकारार्थी मान हलवली. कशाला सांगतेस?

नीलानं सांगितलं. सगळं, स्वस्तातल्या रेडिओसकट.

डॉरिसनं ऐकून घेतलं. "आमच्याकडे वादळ बहुतेक पश्चिमेकडूनच येतं," ती सावकाश म्हणाली.

"बहुतेक," नीला म्हणाली.

मग तिनं फोन लावला. "शंतनू, त्या ओळी मी काढत नाहीये. पायात घेतेय. सगळ्या गावांसाठी."

"पागल आहेस का? तो बग आहे!"

"आज आहे. वादळ कुठल्या बाजूला आहे ते हवामानाच्या इशाऱ्यात येतं, पाया ते रोज वाचतो आणि फेकून देतो. आता ते भोंग्याला सांगायचं. ज्या बाजूनं येईल, तिकडचा खांब पहिला."

"सगळ्या गावांचं टेस्टिंग पुन्हा? डेट पुढे जाईल. वर काय सांगू मी?"

"मला त्यांचा फोन जोडून दे. मी सांगते."

काका लॅपटॉपवर वाकले होते. "खांबांची जागा कुठंच लिहिलेली नाही गं," ते पुटपुटले. "नुसते नंबर." त्यांनी चष्मा पुसला आणि डॉरिसला हाक मारून विचारलं, गावाच्या पूर्वेच्या टोकाला शेवटचा खांब नेमका कुठं आहे?

डॉरिस उत्तर द्यायला वळली. कपाळावर हात धरून ती पूर्वेकडच्या आभाळाकडे बघत राहिली. आभाळ निरभ्र होतं. मग हात लांब करून तिनं खांबाची जागा दाखवली.