पायाळूची बायको

रामकिसन जन्माला आला तो आधी पाय बाहेर काढून. असा पायाळू माणूस उसण भरलेल्या कमरेत लाथ घालतो आणि दुखणं पळून जातं, अशी वडीगोद्रीच्या आसपास पक्की समजूत. दुसरं काही कर्तृत्व नसलेल्या या गड्याला त्या समजुतीनं केवढा मान दिला! दर अमावास्येला लोक त्याच्या अंगणातल्या फरशीवर पालथे पडायचे, टाचेची लाथ खायचे आणि वर पायाही पडायचे.

घोडं अडलं होतं ते घरातच. बायको दैवशाला कापसाच्या ट्रॉलीवरून पडली तेव्हा तिची कंबर नुसती दुखावली होती. नवऱ्याच्या पहिल्या लाथेनं ते दुखणं कायमचं मुक्कामाला आलं. मग दर अमावास्येला लाथ. ती जनावरासारखी ओरडायची आणि बरं वाटलं नाही म्हणून वरून थोबाडीत खायची. नवऱ्याचा पाय खोटा पाडते म्हणजे काय!

अंबडच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या अंतरा मॅडमकडे ती चोरून गेली. मॅडमनी सांगितलं, दुखण्याशी भांडू नका. श्वास सोडा, गुडघा वाकवा, हळूच कुशीवर वळा. रोज करा. आणि आता कुणी कमरेत लाथ घातली, तर पाय कायमचे जातील.

रामकिसन चहाला बाहेर पडला की दैवशाला वाकळ अंथरायची. सुरुवातीला कुशीवर वळताना डोळ्यांतून पाणी यायचं. हळूहळू ती खाली बसून भाकरी थापू लागली. एक दिवस भरलेली घागर तिनं स्वतः उचलली आणि आनंदानं एकटीच रडली. हे सगळं एका लाथेत जाणार, या भीतीनं पुढची अमावास्या जवळ येताच तिला जेवण जाईना.

अमावास्येच्या सकाळी शेजारचा कल्याण कमरेवर हात धरून आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "रामकिसनदादा, वहिनी तर दवाखान्याचा व्यायाम करून राह्यल्या. घरच्याच माणसाचा भरोसा न्हाई, मंग आमी कशापायी लाथा खायच्या?"

अंगण खदखदून हसलं. रामकिसनचं डोकं फिरलं. घरात घुसून त्यानं बायकोला केसाला धरून ओढत आणलं आणि फरशीवर आपटलं. तिचा ओठ फुटला.

"दवाखान्यात गेल्तीस? माझं नाक कापाया? पड पालथी!"

"नका हो मारू. मला चालता यायचं न्हाई मंग."

"लाथेनंच चालशील!"

एकानंही त्याचा हात धरला नाही. मुडदे सगळे! दैवशाला श्वास रोखून पालथी पडली. मागून त्याची धावती पावलं ऐकू आली, त्यानं उडी घेतली, आणि रोजच्या सवयीनं तिनं श्वास सोडला, गुडघा वाकवला, कुशीवर वळली.

टाच सगळ्या वजनानिशी दगडावर बसली. हाड फुटल्याचा आवाज फाटकापर्यंत गेला. रामकिसन रक्ताळलेल्या पायानं गडाबडा लोळत किंचाळू लागला, आणि कमरेवर हात धरून आलेला कल्याण ताठ पळत सुटला.

प्लास्टर निघालं, पण ठणका राहिला. अंगणात आता कुणी येईना. रामकिसन खाटेवर विव्हळत पडायचा. एका सकाळी मान खाली घालून म्हणाला, "ते मॅडमचं... मला बी शिकीव की."

दैवशालानं त्याची टाच मांडीवर घेतली. हाच तो पाय. तिनं दात आवळले आणि सगळ्या ताकदीनिशी तो पाय एकदा पिळला. रामकिसननं गाव गोळा होईल अशी बोंब ठोकली आणि मारायला हात उचलला. तिनं पाय सोडला नाही.

"मारा," ती म्हणाली. "मंग मी बी आणखी पिळते."

हात हवेतच थांबला आणि खाली आला.

"आता श्वास सोडा," दैवशाला म्हणाली. "हळू."