राखीचा फिरता कंदील

मी रागीट माणूस. धाडच्या बाजारात कोणालेही विचारा, प्रेमानंद मोटरवाला कसा आहे, तो आधी कानाले हात लावीन. विहिरीवरची मोटर जळाली की लोकं माझ्याकडंच आणतात, बोलणी खातात अन् तरी पुढच्या खेपेले परत येतात. एवढं माझं तोंड चालते. अन् ज्या दिवशी ते चालायले पाह्यजे होतं, नेमकं त्या दिवशी बंद पडलं.

राखी माझी पोरगी, सातवीत आहे. तिच्या शाहीन मॅडमनं दिवाळीच्या सुट्टीत उपक्रम देला: घरच्या सामानातून एखादी वस्तू करा, पण त्यात काहीतरी विज्ञान पाह्यजे. शाळा उघडली की प्रदर्शन, अन् त्यातली एकच वस्तू बुलडाण्याले, जिल्ह्याच्या प्रदर्शनाले जाणार. राखीनं फिरता कंदील केला. बाहेरून बांबूच्या काड्या अन् पतंगाचा कागद, आत कागदाचा गोल डबा, डब्यावर कातरलेल्या बैलगाड्या. डब्याच्या झाकणाले पात्या कापल्या अन् तो सुईच्या टोकावर तोलून ठेवला. खाली पणती. पणतीनं हवा तापते, वर जाते, पात्याले ढकलते, की डबा फिरते अन् भिंतीवर बैलगाड्या चालतात. सारी सुट्टी तिनं त्याच्यात घातली. फराळाले बसली तरी बोटाले खळ चिकटलेली असायची. बुलडाण्याले कोणता फ्रॉक घालायचा, हेही ठरलं होतं.

घरी बकरीचं पिल्लू कागद खाते, म्हणून प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी तिनं कंदील माझ्या दुकानात आणून ठेवला. "बाबा, हात नका लावू," म्हणे. आता मले हात न लावता राहवते काय. ती गेली तशी मी पणती लावली. डबा थोडा डुलला अन् गप. दुसऱ्यांदा लावली, तेच. उद्या साऱ्या गावासमोर पोरगी तोंडघशी पडते, म्हनलं. अन् बंद पडलेलं फिरवणं हाच तर माझा धंदा. मोडक्या बाहुलीतली एक बारकी मोटर पडली होती, सावकाश फिरणारी. सुई काढून शर्टाच्या कॉलरले टोचली अन् तिच्या जागी मोटरचा दांडा बसवला. सेल पुठ्ठ्यात, बटन खाली, वरून कागद डकवला. राखीले सांगतलं नाही. सांगतलं असतं तर तिनं ती काढायलेच लावली असती, हे मले चांगलं माहीत होतं.

सकाळी कंदील मीच उचलून शाळेत नेला. पालक भिंतीले लागून उभे, त्यात माझे गिऱ्हाईकही. राखीची पाळी आली तशी ती म्हणे, "मॅडम, आधी पंखा बंद करा अन् खिडक्या लावा. वारा लागला की हा फिरत नाही."

तेव्हा कुठं मले आदली संध्याकाळ आठवली. दुकानाचं शटर सताड उघडं होतं, समोरून जीपा अन् एसट्या धावून राह्यल्या होत्या, अन् मी तिथं पणती लावून बसलो होतो. कंदील चांगलाच होता. बिघडवला मी. पण आता सुई माझ्या कॉलरात अन् मोटर कंदिलात, बटन दाबल्याशिवाय डबा हालणार नव्हता. "आण, काडी मी ओढतो," म्हनलं, पणती लावली, दुसऱ्या हातानं बटन दाबलं अन् भिंतीपाशी जाऊन उभा राह्यलो.

बैलगाड्या चालल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. राखीनं हवेचं सारं न अडखळता सांगतलं, अन् मॅडम खूश झाल्या. "छान. आता पणती विझव, म्हणजे डबा थांबेल, ते सगळ्यांना दिसू दे."

राखीनं फुंकर मारली. डबा फिरतच राह्यला.

"थांबायले जरा वेळ लागते," ती म्हणाली. सारा वर्ग वाट पाहत बसला. पणतीचा धूर विरला, तरी बैलगाड्या आपल्या चालूच. आधी तिच्या वर्गातला वकार हसला, मग बाकीचे. मॅडमनं कंदील उचलला, खालचा कागद फाडला अन् मोटर बाहेर काढली.

"राखी, हे कोणी बसवलं?"

राखीनं माझ्याकडं एकदाच पाह्यलं. "मी, मॅडम. बाबाच्या दुकानातून घेतली."

अन् मी गप. बाजूच्या गिऱ्हाईकानं मले कोपर मारलं, "पोट्टी बापावर गेली लेका." त्यावर मी हसलो. त्या हसण्याची मले आजही शिसारी येते.

बुलडाण्याले वकारचं कारंजं जाणार असं ठरलं. दुपारी दुकान उघडलं, पण हातात पाना धरवेना. शटर ओढलं अन् शाळेत गेलो. मॅडमले सारं सांगतलं. त्या म्हणाल्या, "वकारचं नाव कळवून झालं, प्रेमानंदभाऊ. आणि हे मला सांगून काय उपयोग? हसला तो वर्ग. उद्या परिपाठाला या."

घरी आलो तं राखी उंबऱ्यात बसलेली. मांडीवर कंदील, फाटल्या जागी नवा कागद लावलेला. रडून डोळे सुजले होते.

"माझं नाव काऊन नाही सांगतलं?" मी विचारलं.

"लोकं हसले असते तुमाले. मोटरी घेऊन कोण आलं असतं मंग?"

"उद्या परिपाठाले येऊन राह्यलो मी. साऱ्यांसमोर सांगतो. मोटर मी बसवली, अन् तुझा कंदील माझ्याच चुकीनं, दुकानातल्या वाऱ्यात लावल्यानं फिरला नव्हता."

तिनं हात पुढं केला.

"माझी सुई द्या."

मी कॉलरची सुई काढून तिच्या हातावर ठेवली. ती उठून आत गेली अन् खिडकी लावून घेतली. मी मागं मागं जात होतो, तं दारातच थांबवलं.

"तुमी बाहेरच राहा, बाबा. दार उघडलं की वारा येते."

दार लागलं. फटीतून पणतीचा उजेड आला, मग समोरच्या भिंतीवर पहिली बैलगाडी सरकली, तिच्यामागं दुसरी. मी फटीले डोळा लावून उभा राह्यलो, अन् माझा श्वास आत जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरला.