दोन माणसांची गाडी

मित्रांनो, माणिकपूरहून समुद्राच्या बाजूला निघालात की दुकानांची गर्दी हळूहळू विरते आणि केळीच्या, फुलांच्या वाड्या लागतात. त्यांतल्याच एका वाडीत, पंपघराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडखाली मी उभी असते. अंगावरचं कापड उचललंत तर खाली लाल रंग दिसेल, जमिनीला टेकेल की काय असं वाटावं इतकं बुटकं अंग दिसेल आणि बाजूला न उघडता वर उचलली जाणारी दोन दारं दिसतील. मी परदेशी स्पोर्ट्‌स कार आहे. वय म्हणाल तर फार नाही, पण माझे मिरवायचे दिवस संपले आहेत.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात मला घडवलं. माझी कातडी आसनं हातांनी शिवली. वारा अंगावरून कुठेही न अडकता सरकावा म्हणून मला इतकी बुटकी केली. दोनच माणसं बसतील एवढीच जागा ठेवली. इंजिन पाठीमागे बसवलं, त्यामुळे सामानाला जागा उरली ती पुढे, एका पिशवीपुरती. हे सगळं करताना त्यांनी वाऱ्याचा विचार फार बारकाईने केला. माणसांचा कितीसा केला, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला ते आवडत होतं.

मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे मी काही वर्षं होते. त्याचं मन माझ्यावरून उडालं आणि भावेशने मला वसईला आणलं.

भावेशचं घर मूळचं बागायतदारांचं. त्याचे वडील शंकर यांनी जन्मभर सोनचाफा आणि मोगरा लावला. लग्नसराईत ते आपल्या टेम्पोतून हॉलवर फुलं पोचवत आणि लहानगा भावेश टोपल्यांच्या मधोमध बसून त्यांच्याबरोबर जाई. मोठा झाल्यावर त्याने त्याच फुलांवर लग्नमंडपांच्या सजावटीचा धंदा उभा केला. वसई-विरारमधल्या बड्या लग्नांत फुलं त्याचीच असत.

मला आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी तो बायकोला, नेत्राला, समुद्रकाठच्या एका रिसॉर्टवर रिसेप्शनला घेऊन निघाला. नेत्रा पैठणी नेसली होती. ती आत बसली आणि तिचे गुडघे छातीला लागले.

"अरे, ही गाडी आहे की पाळणा?" ती हसत म्हणाली. "उतरताना क्रेन बोलव."

"हस तू. पण एक सांगू? लहानपणी बाबांबरोबर मी इतक्या लग्नांना गेलो, पण कायम मागच्या दाराने. आचाऱ्यांच्या चुली, खरकट्याचे ड्रम आणि आम्ही. पुढे कमान कशी केलीय हेसुद्धा कधी बघायला मिळालं नाही. तेव्हाच ठरवलं होतं, एक दिवस पुढच्या दाराशी अशी गाडी लावायची की सगळ्यांनी वळून बघितलं पाहिजे."

त्या संध्याकाळी सगळ्यांनी वळून बघितलं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मीही फुलून गेले होते.

पण अशा संध्याकाळी दिसतात तेवढ्या सोप्या नसतात. माणिकपूरच्या रस्त्यावर गतिरोधक आला की भावेशला मला तिरकी करून, एकेक चाक जपून चढवावं लागे. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवत. तरी माझं पोट घासायचंच, आणि तो आवाज ऐकून तो दात आवळायचा. माझी पाठ तापली की आत भट्टी होई आणि नेत्राच्या केसांतला गजरा पोचेपर्यंत मलूल पडे. भेटवस्तूचा खोका पुढे मावत नसे, तो तिला मांडीवर घ्यावा लागे. हॉटेलच्या दारातल्या माणसाच्या हाती माझी चावी द्यायला भावेशचा जीव धजत नसे. अर्धं जेवण झालं की तो मला कोणी ओरखडा तर काढला नाही ना, हे बघायला बाहेर येई. लग्नाच्या पंगतीत नेत्रा एकटीच बसलेली असे.

आणि दर वेळी कोणीतरी घरी राहायचं. त्यांची मुलगी क्षितिजा तेव्हा दुसरीत होती. नवा फ्रॉक घालून ती ओट्यावर उभी राही. आजी मालन तिला जवळ घेऊन म्हणे, "आपण नंतर जाऊ हां." आमच्या घरात दुसरी चारचाकी राहिली नव्हती. माझ्यासाठी शेड हवी म्हणून जुनी मोठी गाडी भावेशने काढून टाकली होती.

"आपण पाचही जण शेवटचे एकत्र कधी बाहेर पडलो?" नेत्राने एकदा विचारलं.

भावेशने आवाज वाढवून गाणं लावलं.

मग ती डिसेंबरमधली संध्याकाळ आली. फुलबागायतदारांच्या संस्थेने शंकर यांचा सत्कार ठरवला होता. मोठा वातानुकूलित हॉल, दारापासून आतपर्यंत लाल गालिचा, आणि सजावट भावेशचीच. आदल्या दिवशी शेजारचे ऑगस्टीन येऊन बसले. त्यांचीही फुलशेती होती. त्यांच्याकडे साधी, उंच सीटची जुनी गाडी होती.

"शंकरकाका, तुम्ही, काकी, नेत्रा, पोरगी, सगळे माझ्या गाडीत या," ते म्हणाले. "काकांच्या गुडघ्यांना बरं पडेल."

"नाही हो," भावेश म्हणाला. "बाबा माझ्या गाडीतून येतील. बाकीच्यांना तुम्ही आणा."

शंकर ओट्यावर बसून लावणीसाठी मोगऱ्याच्या काड्या निवडत होते. ते म्हणाले, "अरे भावेश, मला मागच्या दाराने जायची सवय. पुढच्या दाराने गेलो काय नि मागच्या दाराने गेलो काय, शाल तीच मिळणार ना?"

"बाबा, म्हणूनच म्हणतो. एकदा तरी पुढच्या दाराने चला. माझ्यासाठी."

म्हाताऱ्याने मुलाच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण त्यांनी मान हलवून होकार दिला.

दुसऱ्या दिवशी पांढरा लेंगा, नवा सदरा आणि टोपी घालून ते आले. भावेशने त्यांना खांद्याला धरून आत बसवलं. माझ्या आसनात ते इतके खोल गेले की समोरच्या काचेतून त्यांना रस्त्यापेक्षा आभाळच जास्त दिसत असावं. वाटेत ते माझ्या दारावरून हात फिरवत राहिले.

"मऊ आहे रे," ते म्हणाले. "आवडली मला. फक्त जरा खाली आहे."

"वेगासाठी तशी करतात, बाबा."

"आपल्याला एवढ्या वेगात कुठे जायचं असतं?" ते हसले. त्या हसण्यात टोमणा नव्हता, ते खरंच विचारत होते.

हॉलसमोर आम्ही थांबलो आणि एकच गलका झाला. मोबाइल वर झाले. माझी दोन्ही दारं उचलली गेली, तशी शिट्ट्या पडल्या. भावेश त्याच्या बाजूने उतरला आणि लोकांनी त्याला घेरलं. कोणी हात मिळवत होतं, कोणी खांद्यावर हात टाकून फोटो काढत होतं. बाबांच्या बाजूला यायला त्याला वाट मिळेना. खरं सांगायचं तर, एक-दोन फोटोंसाठी तो थांबलाही.

शंकर यांनी पाय बाहेर टाकले. आसनाच्या कडेला हात टेकून उठायचा प्रयत्न केला. उठता येईना. पुन्हा जोर लावला. मी त्यांच्या हातांचा भार अंगावर घेत होते आणि मला इंचभरही उंच होता येत नव्हतं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या रूपाची लाज वाटली.

तेवढ्यात मोबाइल धरलेला एक तरुण म्हणाला, "काका, जरा लवकर बाजूला व्हा ना, दारासकट गाडीचा फोटो पाहिजे."

शंकर यांनी गडबडीने मान हलवली. "हो हो, होतो," म्हणाले. आपला अडथळा होतोय हे त्यांच्या मनाला लागलं असणार. त्यांनी उचललेल्या दाराला धरून झटक्यात अंग वर ओढलं. हात निसटला. एक पाय माझ्या कडेत अडकला आणि ते लाल गालिच्यावर कुशीवर पडले. टोपी घरंगळत गेली. कोणीतरी हसलं, मग ते हसणंही थांबलं.

गर्दी बाजूला लोटत भावेश आला. "बाबा! बाबा!" त्याने त्यांना उचलायला हात घातला, तसे ते कळवळले.

"नको रे, हलवू नको," ते हळूच म्हणाले. "आतून काहीतरी गेलंय."

दवाखान्यात न्यायचं तर माझ्यात त्यांना आडवं करता येणार नव्हतं, हे सगळ्यांनाच दिसत होतं. मागून येऊन थांबलेल्या आपल्या गाडीची सीट ऑगस्टीन यांनी खाली पाडली. चौघांनी अलगद उचलून त्यांना आत ठेवलं. मालन त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. नेत्रा क्षितिजाला कवटाळून रिक्षा शोधत पळाली. मी तिथेच राहिले, दोन्ही दारं उघडी टाकून. लोक थोडा वेळ माझे फोटो काढत राहिले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण शंकर पुन्हा आपल्या पायांनी वाडीत गेले नाहीत. सत्काराची शाल आणि श्रीफळ संस्थेच्या लोकांनी दवाखान्यात आणून दिलं. ते पडतानाचा व्हिडिओ मात्र त्याआधीच गावभर पोचला होता. खाली हसण्याची चित्रं टाकलेली होती. तो व्हिडिओ भावेश माझ्यात बसून एकटाच बघायचा आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवायचा. मग त्याने माझ्यात बसणंही सोडलं. मला पंपघराजवळ आणून उभी केली, अंगावर कापड टाकलं आणि वळून न बघता निघून गेला.

सकाळी शंकर यांची चाकाची खुर्ची पंपघराच्या सावलीला, माझ्यासमोर लावत. तिथून त्यांना सोनचाफ्याची रांग दिसे. भावेश औषधं आणी, डॉक्टरांना बोलावी, रात्रपाळीला माणूस ठेवी, पण वडिलांजवळ टेकत नसे. कामाचं निमित्त काढून लगेच बाहेर पडे. असं करत उन्हाळा आला.

एका सकाळी ते म्हणाले, "भावेश, उभा राहू नकोस. बस."

"बाबा, बोळींजला मंडप आहे आज..."

"मंडप उभा राहील. तू बस."

भावेश जमिनीवरच बसला, माझ्या चाकाला पाठ टेकवून.

"हाड मोडलं ते मोडलं," शंकर म्हणाले. "म्हातारपणात कुणी न्हाणीघरातही पडतो. त्याचं मला काही नाही. पण त्या दिवसापासून तू माझ्या डोळ्यांत बघितलं नाहीस. मी पाय गेल्याचं सोसलं रे, हे नाही सोसत."

भावेश रडू लागला. "मी तिकडे फोटो काढत होतो, बाबा. तुम्ही धडपडत होतात आणि मी..."

"मला माहीत आहे. मी बघत होतो."

एवढंच म्हणून त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. चाफ्यावर भुंगे गुणगुणत होते.

त्यानंतर भावेश रोज सकाळी तिथे बसू लागला. कळ्या कशा खुडायच्या, कोणत्या झाडाला खत कमी पडलंय, असलंच काहीबाही ते बोलत. मला वाटलं, आता सगळं नीट होईल. पण अंथरुणावरच्या माणसाला छातीचा विकार लवकर धरतो. पावसाळा सरता सरता शंकर गेले. जेमतेम एका उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्याच्या सकाळी बापलेकांच्या वाट्याला आल्या. त्याआधीचे महिने माझ्यासमोर फुकट गेले होते.

गेल्या महिन्यात भावेशने मला विकायला काढलं. आचोळ्याहून वेदांत नावाचा तरुण बघायला आला. त्याच्याबरोबर त्याची आई होती, विनया. कापड निघताच वेदांतचे डोळे लकाकले.

"काय गाडी आहे, भाऊ! पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न आहे. आईला यातूनच हॉलवर नेणार. आई, बस ना, बघू कशी दिसतेस."

विनयाबाई बिचकत पुढे झाल्या. त्यांच्याही पायांना त्रास असावा, एक हात कमरेवर होता. ओट्यावरून मालन झपाझप उतरून आली.

"थांबा बाई, अशा नका जाऊ. आधी पाठमोऱ्या टेका. मग पाय आत घ्या. माझा हात धरा."

त्या बसल्या. वेदांतने मोबाइल काढला. तेवढ्यात भावेश मध्ये उभा राहिला.

"फोटो नंतर. आधी त्यांना उतरवून बघा," तो म्हणाला. "दिसायला हिच्यासारखी दुसरी नाही, हे मीच सांगतो. पण लग्नाला तुम्ही किती जण निघणार? आई हिच्यात बसल्या तर वडील कशातून येणार? आणि दारात गर्दी झाली की आईंना हात कोण देणार? माझे वडील हिच्यातून उतरताना पडले. मी पलीकडच्या बाजूला होतो."

वेदांतने मोबाइल खिशात ठेवला. तो वळसा घालून आईकडे आला आणि तिचे दोन्ही हात धरले. बाईंना उठायला वेळ लागला. त्या "राहू दे, राहू दे" म्हणत होत्या, तो "सावकाश, आई" म्हणत होता. उभ्या राहिल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि लेकाच्या दंडाला तशाच धरून राहिल्या.

"विचार करून सांगतो," वेदांत म्हणाला. तो परत आला नाही.

मित्रांनो, मला कोणी नाकारलं की पूर्वी वाईट वाटायचं. या वेळी वाटलं नाही.

माझ्यासारखी गाडी तुम्हाला आवडली तर त्यात काही चूक नाही. मोठे व्हा, हवी ती गाडी दाराशी आणा, झगमगत्या संध्याकाळी खुशाल मिरवा. फक्त आणण्याआधी घरातलं सगळ्यांत थकलेलं माणूस तिच्यात एकदा बसवून बघा. आणि दाराशी पोचलात, लोकांनी मोबाइल वर केले, की आधी त्या माणसाच्या बाजूला जा. लोक थांबतील. त्याला सावकाश उतरू द्या.