दुसरी सुई

मी एक म्हातारी कुत्री आहे, मित्रांनो. नाव मैना. अंग तांबूस, तोंड आता पांढरं पडलेलं, वय अकरा वर्षं. मला साखरेचा आजार आहे, माणसांना होतो तोच. त्यासाठी रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला मला सुई टोचतात. कुत्रीला साखर झाली हे ऐकून आमची अख्खी गल्ली हसली होती. तुम्हीही हसलात तर मला राग नाही.

माझा जन्म पूर्णा जंक्शनच्या मालधक्क्याजवळ झाला. आई दोन दिवस परतली नाही आणि मी एका पोत्यावर कुंईकुंई करत पडले होते. रंगनाथ तेव्हा रेल्वेत पॉइंट्समन होते. कोणती गाडी कोणत्या रुळावर जाणार, ते त्यांच्या हातात असायचं. त्या दिवशी ड्युटी संपल्यावर त्यांनी मला डब्याच्या पिशवीत घातलं आणि घरी आणलं.

कुसुमबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं. "कुत्रं? आवो, उंबऱ्याच्या आत पाय ठिवला तिनं तर बगा, सांगून ठिवते."

मी ओसरीवर वाढले. अनोळखी माणसावर भुंकायचं, दारातली शेरडं हाकलायची आणि रंगनाथांबरोबर रोज फिरायला जायचं, एवढीच माझी नोकरी. पण ती मी इमानाने केली. निवृत्तीच्या दिवशी त्यांना हार घातला, तेव्हा त्यातलं एक फूल त्यांनी माझ्या पट्ट्यात खोवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मला फार तहान लागू लागली. घमेलंभर पाणी प्यायचे आणि पुन्हा रिकाम्या घमेल्यापाशी उभी राहायचे. पोटभर भाकरी खाऊनही बरगड्या मोजता येऊ लागल्या. रात्रीची लघवी आवरेना. ओसरी ओली झाली की कुसुमबाई ओरडायच्या आणि मी कान पाडून बसायचे. मला काही कळत नव्हतं आणि सांगता तर त्याहून येत नव्हतं.

शेवटी रंगनाथांनी शेजारच्या बालाजीचा ऑटो केला आणि मला परभणीला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर रुद्राणी नावाच्या तरुण बाई होत्या. त्यांनी माझ्या कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब घेतला, यंत्रावरचा आकडा पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली.

"काका, हिला आता जन्मभर इन्सुलिन द्यावं लागेल. आधी जेवण, मग सुई. वेळ चुकवायची नाही. जेवली नाही तर मला आधी फोन करायचा. आणि सुई जास्त झाली तर साखर एकदम उतरते, जीव जाऊ शकतो. पाय लटपटले की लगेच हिरड्यांना साखरेचं पाणी चोळायचं."

"मी देतो की सुई," रंगनाथ म्हणाले. "वेळंचं मला नका सांगू, मॅडम. तेहतीस वर्सं घड्याळावर जगलाय हा मानूस."

आणि खरंच, वर्षभर त्यांनी एकही सुई चुकवली नाही. फ्रिजच्या दारातली बाटली काढायची, दोन्ही तळव्यांत हळूच फिरवायची, मानेमागची कातडी चिमटीत धरायची. "झालं, मैनाबाई, झालं," एवढं म्हणेपर्यंत सुई बाहेर आलेली असायची. कुसुमबाईंनी ओसरीच्या भिंतीवर कॅलेंडर टांगलं होतं. सुई दिली की त्या तारखेच्या चौकोनात बरोबरची खूण करायची. माझ्या अंगावर पुन्हा मांस चढलं. डोळ्यांवर मात्र पांढुरका पडदा येऊ लागला. या आजारात तसं होतं, डॉक्टर म्हणाल्या.

त्याच सुमारास मला दुसरं काहीतरी कळू लागलं. ते घरात कुणालाच कळलं नव्हतं.

फिरून परतताना रंगनाथ शाळेच्या वळणावर थांबायचे. इकडे बघायचे, तिकडे बघायचे. हातातली साखळी सैल व्हायची. मग मी पुढे व्हायचे आणि त्यांना घरी आणायचे. कुसुमबाईंना वाटायचं, नवरा कुत्रीला फिरवून आणतो. एकदा रंगनाथांनी माझं पाण्याचं घमेलं भरलं, आत गेले, बाहेर येऊन तेच घमेलं ओतलं आणि पुन्हा भरलं. चारदा. मी पाहत होते. पण पाहिलेलं सांगणार कुणाला? मी भुंकले की तेच म्हणायचे, "गप गं, काय झालं उगंच?"

श्रावणातली पौर्णिमा होती. कुसुमबाई सकाळीच पांढरं लुगडं नेसून बुद्धविहारात गेल्या. जाताना म्हणाल्या, "मैनाची भाकर अन् सुई, ध्यानात हाय ना?"

"हाय, हाय. जा तू."

सातला मी जेवले. मग रंगनाथांनी सुई दिली, कॅलेंडरवर खूण केली. इथवर सगळं नीट होतं.

साधारण तासाभराने ते पेपर वाचता वाचता उठले आणि फ्रिज उघडला. बाटलीचा आवाज माझ्या ओळखीचा. मी मान वर केली. ते कॅलेंडरपाशी गेले, आजच्या खुणेवर बोट ठेवलं. "हे तर कालचं," असं पुटपुटले आणि पुढच्या चौकोनात पेन्सिल फिरवली. मग सुई भरून माझ्याकडे आले. "मैना, सुई राह्यली की गं आपली."

मी मागे सरकले. ते जवळ आले, मी तुळशीच्या डब्यामागे गेले. "आज काहून नखरे करायलीस?" त्यांनी पट्टा धरला. आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर गुरगुरले. दात दिसतील असं गुरगुरले.

त्यांचा हात थांबला. चेहरा असा झाला, जणू मी चावलेच. "माज्यावर?" ते म्हणाले. "मैना, माज्यावर?"

तो हात मी चावू शकले असते. दात अजून शाबूत होते. सुई खाली पडली असती आणि सगळं टळलं असतं. पण त्याच हाताने मला पोत्यावरून उचललं होतं. मी ओठ मिटले आणि मान खाली घातली.

"झालं, मैनाबाई, झालं."

दहाच्या सुमारास जमीन हलू लागली. उभी राहिले तर मागचे पाय माझे नव्हतेच. भूक अशी लागली की भाकरीच्या वासाने डोकं फिरलं, पण ताटापर्यंत पोचता येईना. मग अंगाला झटके सुरू झाले. रंगनाथांनी मला मांडीवर घेतलं. "मैना, ए मैना, काय व्हायलंय तुला? आगं सांग की." त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या तोंडावर पडत होतं. काय करायचं हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेही त्यांना आठवत नव्हतं.

कुसुमबाई फाटकातून आल्या आणि जागीच थबकल्या. "सुई किती दिली?"

"एकच. रोजच्यासारकी."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. उद्याच्या तारखेत खूण होती. त्या आत धावल्या, वाटीत साखर कालवली आणि उंबऱ्याच्या आत मला कधीही येऊ न देणाऱ्या त्या बाईने आपली बोटं माझ्या जबड्यात घातली. हिरड्या चोळत राहिल्या. "बालाजी! ऑटो काढ रं, बालाजी!"

परभणीला डॉक्टरांनी माझ्या पायात सलाईन लावलं. कुसुमबाईंनी खिळ्यावरून ओढून आणलेलं कॅलेंडर टेबलावर ठेवलं. रंगनाथांनी उद्याच्या खुणेवर बोट ठेवलं.

"खूण माजीच हाय," ते म्हणाले. "तेहतीस वर्सं पॉइंट लावले मी. एक गाडी चुकीच्या रुळावर न्हाई गेली. एक बी न्हाई, मॅडम."

"माहीत आहे, काका," डॉक्टर हळू बोलल्या. मग कुसुमबाईंना म्हणाल्या, "मैनाला मी बघते. पण काकांना नांदेडला दाखवा. उशीर करू नका."

मी वाचले. नांदेडच्या डॉक्टरांनी रंगनाथांचा आजार विसरण्याचा आहे असं सांगितलं. गोळ्यांनी तो थोडा सावकाश चालतो, थांबत मात्र नाही. माझ्या आजारावर निदान सुई तरी आहे.

आता सुई कुसुमबाई देतात. त्यांच्या चिमटीतून कातडी निसटते, कधी दोनदा टोचतं. मी हलत नाही. घरच्या फ्रिजला कुलूप लागलं असतं तर रंगनाथांना वाईट वाटलं असतं, म्हणून त्या बाटली शेजारी बालाजीच्या फ्रिजमध्ये ठेवतात.

माझे डोळे आता पुरते गेले आहेत. सकाळी मी ओसरीवरून उतरताना खुर्चीला धडकते आणि तो आवाज ऐकून रंगनाथ उठतात. माझं तोंड हातांत धरतात, डोळ्यांत बघतात. "कुसुम, आगं, हिला दिसंना की! कवापून?" आणि लहान मुलासारखे रडतात. रोज. त्यांना ती बातमी रोज पहिल्यांदाच कळते. कुसुमबाई भाकरी टाकायचं थांबवून बाहेर येतात, त्यांच्या शेजारी बसतात आणि रोज पहिल्यांदा सांगावं तसं सांगतात.

मी शेपूट हलवते. दुसरं काय करणार?

मित्रांनो, तुमच्या घरी आमच्यासारखं मुकं जनावर आजारी असेल तर त्याची सुई, त्याचं जेवण, त्याची वेळ नीट सांभाळा. आणि ते अचानक तुमच्यावर गुरगुरलं तर त्याला मारण्याआधी क्षणभर थांबा. कदाचित ते स्वतःसाठी गुरगुरत नसेल. तुमच्या घरातलं कुणीतरी वाट विसरू लागलंय, हे सांगायला त्याच्याकडे तेवढा एकच आवाज असेल.