शब्द तोलणारा तराजू

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे आणि वर्षा चौथी पास झाली. यातला दुसरा भाग तुम्ही ऐकलाच नाही असे समजा. वर्षा पास वगैरे काही झालेली नाही. ती अजून मागच्या रांगेत गप्प बसली आहे, आणि मला तर अजून जन्मही घ्यायचा आहे. तेव्हा क्रमाने जाऊ.

माझा जन्म सुरतेला, भागळच्या बाजूला एका लोहाराच्या दुकानात झाला. त्याने मला लोखंडी दांडी दिली, दोन पारडी दिली, साखळ्या दिल्या आणि मधोमध एक काटा दिला. डोके दिले नाही. तरीही पुढे आयुष्यभर लोक मलाच विचारत आले की, बरोबर आहे का. या विश्वासाबद्दल मी त्या लोहाराचा फार आभारी आहे.

मला धुडकूने विकत घेतले. हा खानदेशातून आलेला माणूस सुरतेच्याच पांडेसऱ्यात लारीवर, म्हणजे हातगाडीवर, कांदे-बटाटे विकायचा. कापड रंगवणाऱ्या मिलची पाळी सुटली की लारीभोवती गर्दी व्हायची. गुजराती गिऱ्हाईक म्हणे, "काटो सीधो राखजे, भाई." आपली माणसे म्हणत, "धुडकू, वरतून एक वांगं टाक रे." धुडकू टाकायचा, मी झुकायचो आणि गिऱ्हाईक खूश व्हायचे. वाकल्याबद्दल इतके कौतुक फारसे कोणाच्या वाट्याला येत नाही.

मग नव्वद सालानंतर कधीतरी धुडकूने घड्याळासारखी तबकडी असलेला नवा काटा आणला. मी त्याच्या खोलीबाहेर खिळ्यावर गेलो. तिथे शेजारची कोंबडी माझ्या डाव्या पारड्यात बसू लागली. उजव्यात कोणीच नसायचे. त्यामुळे तो सगळा काळ प्रत्येक बाबतीत माझे मत कोंबडीच्या बाजूने होते. पण खोटे कशाला बोलू, त्या दिवसांत माझी विचारपूस करणारी ती एकटीच होती. तिचेही आभार.

एके दिवशी कांदे घ्यायला मालतीबाई आल्या. जवळच्या मराठी शाळेत त्या चौथीला शिकवत. बाईंचे दुखणे वेगळेच होते. त्यांची मुले धडा खणखणीत वाचत, पण वाचले काय ते विचारले की छताकडे बघत.

"शब्द एकटा राहत नाही हो डोक्यात," बाई धुडकूला सांगत होत्या. "जोडीने राहतो. पक्ष्याचं घरटं, तसं उंदराचं काय? हे नातं कळलं की बीळ हा शब्द आपोआप आत येतो."

धुडकूने कांदे तोलता तोलता विचार केला आणि माझ्याकडे बोट दाखवले. "बाई, जोड्याच तोलना शेत तं हाऊ जुना काटा लई जा. कोंबडीले मी समजाडसू."

अशा रीतीने मी शिक्षणक्षेत्रात आलो.

बाईंनी साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांवर शब्द लिहिले. डाव्या पारड्यात 'पक्षी' आणि 'घरटे'. उजव्यात 'उंदीर', आणि त्याच्या शेजारचा शब्द मुलांनी शोधायचा. नाते सारखे निघाले तर काटा सरळ, चुकले तर पारडे खाली. आता पुठ्ठ्याला कसले आले आहे वजन? चुकीचे उत्तर आले की बाई हळूच बोटाने पारडे दाबायच्या. धुडकूने कधी तोलताना माझ्या पारड्याला बोट लावले नव्हते. शिक्षणात ते चालते असे दिसले.

चेतन नावाचा मुलगा घरट्याला गुजरातीत 'माळो' म्हणायचा. बाई म्हणाल्या, "पक्षी तोच आहे ना? मग राहू दे. पण घरटं पण म्हण."

वर्षा मात्र बोलायची नाही. तिच्या घरात अहिराणी, गल्लीत हिंदी-गुजराती आणि पुस्तकात मराठी. प्रत्येक वस्तूची इतकी नावे समोर आल्यावर कोणते उचलावे हे ठरेपर्यंत शाळा सुटायची.

एकदा बाईंनी विचारले, "रात्रीला झोप, तर दिवसाला काय?"

'काम' हे उत्तर बाईंच्या मनात तयार होते. तेवढ्यात मागून वर्षा म्हणाली, "बाई, तुमचं उलटं झालंय. रात्रीला काम. दिवसाला झोप."

बाईंचे बोट माझ्या पारड्यावर आले. पण वर्गात कोणी हसले नाही. चेतन म्हणाला, "बराबर छे, बाई. पप्पा झोपले की आम्ही वाटी पण वाजवत नाही." सगळ्या माना डोलल्या. वर्षाचे वडील कापडाच्या मागावर रातपाळी करायचे. निम्म्या वर्गाचे वडील तेच करायचे. बाईंचे बोट क्षणभर हवेत राहिले आणि मग पदरात गेले. काटा सरळ होता.

त्या दिवसापासून वर्षाला नाद लागला. अनोळखी शब्द दिसला की ती त्याचे नातेवाईक शोधायची. "वाघ अरण्यात. मासा पाण्यात. म्हणजे अरण्य हे वाघाचं पाणी," असे तिने एकदा जाहीर केले. बाईंनी थोडा विचार केला आणि पुढचा धडा घेतला.

पण परीक्षा तोंडावर आली असताना वर्षाची आई भागीरथी वर्गाच्या दारात उभी राहिली. ती घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायचे काम करायची. नखांत वाळलेला गोंद होता.

"बाई, वर्षाले आते घर ठेवसू. इले वाचेल काही समजस नही. टिकल्या तरी लावी."

मित्रांनो, वर्षाने दप्तर आवरायला घेतले. ती रडली नाही, त्यामुळे जास्त वाईट वाटले.

मालतीबाई म्हणाल्या, "न्या. पण आधी तिला एक जोडी तुम्ही विचारा."

भागीरथीने मला पाहिले. "हाऊ तं धुडकूना काटा शे. आठे शाळामा काय करस?"

"शिकवतो," बाई म्हणाल्या.

"कांदा तोलाले कटाळना व्हई." भागीरथीने पदर खोचला आणि पोरीकडे वळली. "सांग. सुईले दोरा शे. तं माले कोन शे?"

सगळ्यांना वाटले, आता ही म्हणणार 'पोर'. मीही तयारीत होतो.

"टिकली," वर्षा म्हणाली.

"पोर म्हनाले जीभ झडस का तुनी?"

"सुई दोराबिगर रिकामी बसस. तू टिकलीबिगर रिकामी बसशी. पोरबिगर नही."

भागीरथीने आपल्या नखांकडे पाहिले. मग म्हणाली, "इले समजस वं बाई."

"समजतंच," बाई म्हणाल्या.

"मंग देऊ द्या परीक्षा. टिकल्यासनं मी देखी लिसू. पन नापास व्हयनी तं हाऊ काटा मी लई जासू, पक्कं."

परीक्षेत वर्षाला मधमाश्यांचा उतारा आला. 'पोळे' या शब्दापाशी ती थांबली. ओठ हलले: पक्ष्याचं घरटं, उंदराचं बीळ... आणि ती पुढे वाचत गेली, अर्थासकट. पाचवीत जाताना तिने माझ्या साखळ्या फडक्याने पुसल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू कोपऱ्यात फेकू नका. लोहार, धुडकू, कोंबडी, बाई आणि वर्षा यांचा मी ऋणी आहे. फक्त एक गोष्ट राहिली. बाजारातल्या तराजूंवर दरसाल सरकारी शिक्का बसतो. माझ्यावर बसत नाही, कारण मी हल्ली काही विकत नाही. सबब तोलमाप खात्याच्या मेहेरबान साहेबांस विनंती की, प्रस्तुत तराजूची शब्द तोलण्यासाठी रीतसर तपासणी व्हावी. येताना प्रमाणित वजने आणू नयेत. ज्याला वाचता येते पण समजत नाही असे एक मूल आणावे, आणि ते उत्तर देईपर्यंत साहेबांनी त्याच्या शेजारी जमिनीवर बसून, घड्याळ न पाहता, वाट पाहावी. कळावे.