दोन तासांच्या आत

“काका, हा नंबर कुणाचा आहे?”

मॅडमनी फाईल उलटी करून पाहणीवाल्यांपुढे सरकवली. नंबराभोवती पेन्सिलने गोल केला होता. मग दुसरी फाईल, मग तिसरी. सगळीकडे तोच गोल आणि तोच नंबर.

“माझ्या घरचा,” पाहणीवाले म्हणाले.

“बेचाळीस फायलींत?”

“त्रेचाळीस. एका आजींची माझ्या पिशवीत आहे.”

कल्याण विभागात त्यांना सगळे पाहणीवालेच म्हणत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, नळाला पाणी आहे का, औषधं घेतली जातात का, पायावर सूज आहे का ते पाहायचं आणि फॉर्म भरायचा, हे काम ते एकतीस वर्षं करत होते. फॉर्मच्या शेवटी एक रकाना होता : अडीअडचणीला कुणाला कळवावं. तिथे आलं की बहुतेक म्हातारे अडत. कुणी खिडकीबाहेर बघे, कुणी म्हणे, सोडा की मोकळा. पाहणीवाल्यांना तो रकाना मोकळा बघवत नसे. नियमात बसत नसतानाही ते तिथे स्वतःचं नाव घालत. नातं, ‘ओळखीचे’. नंबर मात्र घरचा, कारण ते दिवसभर लोकांचे जिने चढत असत आणि घरी बायको असे.

फोन तीच घ्यायची. “आहे मी, बोला,” म्हणायची. नुसत्या खोकल्यावरून माणूस ओळखायची. कुणाची गोळी संपली, कुणाचं कुलूप अडकलं, कुणाला उगाचच बोलायचं होतं, सगळं जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवायची आणि नवरा दारात चपला काढतोय तोवर वाचायला लागायची. “सही तुमची आणि नोकरी माझी,” असं वर ऐकवायची.

ती जाऊन सात महिने झाले होते. पाहणीवाल्यांनी नंबर बदलला नव्हता. विसरले होते असं नाही. एकदा सगळ्या फायली घेऊन बसले होते. पहिल्याच फाईलवर पेन टेकवलं, आणि मग उठून गच्चीवरचे कपडे काढून आणले.

“तुमच्या यादीतले ते शिंपी गेले, तेव्हा इस्पितळानं या नंबरवर अकरा वेळा फोन लावला,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर पाहणीवाल्यांना बरं वाटलं असतं. “शेवटचे दोन दिवस शिंपी एकच विचारत होते म्हणे, काका निघालेत ना, निघालेत ना.”

“कळलं मला.”

“मी काही लिहून वर पाठवत नाहीये. पण तुमचं नाव काढा सगळीकडून. विभागाचा नंबर घाला. बुधवारपर्यंत.”

“विभाग पाचला बंद होतो.”

“माहितीये, काका.” मॅडम फायलींचा गठ्ठा उगाच सारखा करत राहिल्या. “गुरुवारी तुमचं ऑपरेशन ना? सोबत कोण आहे?”

“आहे की,” पाहणीवाले म्हणाले.

कुणी नव्हतं. ऑपरेशन साधंच होतं, हर्नियाचं. पण इस्पितळाच्या फॉर्मवरही तसाच एक रकाना होता, आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : दोन तासांच्या आत पोचू शकेल अशी व्यक्ती. तो भरल्याशिवाय दाखल करून घेणार नव्हते. खिडकीतली मुलगी म्हणाली होती, “मिसेसचं घाला ना, सगळे तेच घालतात.” ते “बरं” म्हणून फॉर्म घडी घालून घरी घेऊन आले होते.

बहीण होती, पण दूर परदेशात. तीही तिकडे म्हाताऱ्यांच्याच सेवेत होती. रविवारी तिचा फोन आला तेव्हा त्यांनी सहज विचारलं, “तुमच्याकडे काय करतात गं, ज्याला कुणी नाही त्याचं?”

“गळ्यात बटण देतात. पडलं-झडलं तर दाबायचं.”

“दाबलं की येतं कुणी?”

“येतं ना. आधी आवाज येतो, नाव-पत्ता विचारतो. मग माणूस येतो.” ती म्हणाली, “आमच्या एक बाई आहेत, उगाचच दाबतात. आवाज ऐकायला. दादा, तू जेवतोस ना वेळेवर?”

“जेवतो.”

बुधवारी दुपारपर्यंत बेचाळीस घरं झाली. प्रत्येक ठिकाणी त्यांनी स्वतःच्या नावावर रेघ मारली, वर विभागाचा नंबर लिहिला आणि म्हाताऱ्याला वाचून दाखवला. कुणी भांडलं नाही. एका रिटायर ड्रायव्हरने फक्त विचारलं, “म्हणजे त्या वहिनी आता फोनवर नसणार?” त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटची उरली ती इस्त्रीवाल्या आजींची फाईल. आजींनी पस्तीस वर्षं मोठ्या लॉण्ड्रीत इस्त्री केली होती. तिथल्या मशिनींनी त्यांचे दोन्ही कान नेले. समोरच्याचे ओठ बघून त्या बोलणं समजून घेत. तीन जिने चढताना पाहणीवाले पोटाच्या उजव्या बाजूला हात धरून दोनदा थांबले.

आजींनी दार उघडलं आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं.

“मिशा वाढल्यात. काही दिसत नाही काय बोलताय ते.”

पूर्वी बायकोच आठवण करून द्यायची, आज आजींकडे जायचंय, मिशा कापा. पाहणीवाल्यांनी हाताने मिशी वर केली. “पुढच्या वेळी कापून येतो.”

“पुढच्या वेळी कशाला? मोरी तिथे आहे. कात्री घ्या. धागे कापायची आहे, पण धार आहे.”

मोरीतल्या आरशापुढे उभं राहून त्यांनी मिशी कापली. बाहेर आल्यावर आजी म्हणाल्या, “हां. आता माणूस दिसतोय. बोला.”

त्यांनी सगळं सांगितलं, हळूहळू, एकेक शब्द. शिंपी, अकरा फोन, मॅडम. फाईल उघडून नावावर रेघ मारली. आजी रेघेकडे पाहत राहिल्या. तेवढ्यात पिशवीतून दुसरा घडी केलेला कागद खाली पडला. आजींनी तो उचलला, उलगडला आणि चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

“हा रकाना मोकळा का?”

पाहणीवाले खिडकीबाहेर बघायला लागले.

“भाऊ, इकडे तोंड करा, नाहीतर मला कळणार नाही.”

“सोडा की मोकळा,” ते म्हणाले.

“माझं घाला.”

“आजी, तुम्हाला फोन ऐकू येत नाही.”

“ऐकू कुठे यायचंय? वाजला की थरथरतो तो. आत्तापासूनच खुर्ची ओढून, त्याच्यावर हात ठेवून बसते. थरथरला की इस्पितळ. मला दुसरा कोण फोन करणार आहे?”

“दोन तासांत पोचायचं असतं.”

“जिन्याला अर्धा तास. मग दीड तास उरला की. लॉण्ड्रीत एका तासात साठ चादरी काढत होते मी.” त्यांनी पेन पुढे केलं. “नातं काय घालता ते तुम्ही बघा. तुमच्या लिहिण्यात मी पडत नाही.”

पाहणीवाल्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. नव्या लोकांना शिकवताना ते नेहमी सांगत, नंबर लावून बघितल्याशिवाय लिहायचा नाही, आणि लावणार आहात हे त्या माणसाला सांगायचं नाही. त्यांनी मोबाईल काढला आणि आजींचा नंबर लावला. वीस रिंगा मोजायच्या आणि बंद करायचा, असं मनाशी ठरवलं होतं.

दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला.

“मी आहे,” आजी मोठ्याने म्हणाल्या. “जे कोण असाल ते, मला ऐकू येत नाही. पण निरोप पोचला. भाऊंना सांगा, निघाले.”

रिसीव्हर आपटल्याचा आवाज आला.

पाहणीवाले घाईने परत जिन्याशी गेले. पहिल्याच वळणावर कळ आली आणि त्यांना थांबावं लागलं. वरून दार ओढून घेतल्याचा आवाज आला, मग कुलपाचा. त्यांनी “आजी” अशी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाकेचा काय उपयोग होता.

वर काठी टेकली. मग एक पाय, मग दुसरा. परत काठी.

पाहणीवाले पायरीवर बसले. घड्याळात वेळ पाहून घेतली, खिशातून फॉर्म काढून गुडघ्यावर उलगडला, आणि वरून येणाऱ्या काठीकडे कान लावून त्या रकान्यात लिहायला सुरुवात केली.